वाद्यांचा तक्ता आणि कापण्याची कला: ईक्यूचा इतिहास

गेल्या वेळी आपण मायक्रोफोनवर बोललो होतो. त्या व्याख्यानानंतर सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: "मिक्सिंग करताना कोणतं वाद्य किती हर्ट्झवर कापायचं, ते एकदा सांगून टाका." बरोबर एक तक्ताही बऱ्याच जणांनी पाठवला. तो तुम्ही पाहिलेला असणारच. डावीकडे वाद्यांची नावं, खाली पियानोच्या पट्ट्या, आणि प्रत्येक वाद्यासमोर एक आडवी रंगीत पट्टी: डबल बास इथून इथपर्यंत, व्हायोलिन इथून इथपर्यंत. स्टुडिओच्या भिंतीवर, साउंडवाल्याच्या मोबाईलमध्ये, शिकवणीच्या वहीत, सगळीकडे तो असतो.

तो तक्ता आपण आज वाचणार आहोत, पण आधी त्याचा इतिहास पाहू. हा तक्ता मुळात मिक्सिंगसाठी तयार झालाच नाही. तो एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आला, आणि तो प्रश्न विसरून आपण तक्ता वापरला की चुका होतात. आमच्याही झाल्या आहेत. त्यातली एक शेवटी सांगतो.

सुरुवात विजेच्या आधीपासून करू. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गायक एका मोठ्या कर्ण्यात गायचा, त्या हवेच्या दाबाने पडदा हलायचा आणि सुई मेणाच्या तबकडीवर खाच काढायची. गोहर जान यांची कलकत्त्याची मुद्रणं १९०२ च्या नोव्हेंबरात झाली, ती याच पद्धतीने. या यंत्राला ऐकू येणारा पट्टा फार अरुंद होता. काहीशे हर्ट्झपासून दोन-अडीच हजार हर्ट्झपर्यंत, एवढंच. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, हे आपल्याला माहीत आहेच. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० पर्यंत ऐकतो. म्हणजे त्या यंत्राला बहुतेक सगळं जग ऐकूच येत नव्हतं.

मग तेव्हाचे मुद्रक काय करत? यंत्र बदलता येत नव्हतं, म्हणून वाद्यं बदलत. डबल बासचा सर्वात खालचा सूर ४१ हर्ट्झचा. तो कर्ण्यात शिरायचाच नाही, म्हणून त्याच्या जागी ट्यूबा बसवत. व्हायोलिनचा आवाज लहान पडायचा, म्हणून स्ट्रो व्हायोलिन आलं. लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा लावलेलं हे वाद्य, १८९९ मध्ये ऑगस्टस स्ट्रो यांनी लंडनमध्ये पेटंट घेतलेलं. कोणी कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहायचं, कोणी मागे स्टुलावर, हे सगळं ठरलेलं असायचं. आजच्या भाषेत बोलायचं तर ईक्यू यंत्रात नव्हता, वाजवणाऱ्यांच्या रांगेत होता. कोणतं वाद्य कोणत्या पट्ट्यात बोलतं, हे ज्ञान त्या काळीही होतंच. फक्त ते कागदावर मांडलेलं नव्हतं.

ते कागदावर आणलं टेलिफोनने. इथे नीट लक्ष द्या, कारण 'इक्वलायझर' हा शब्दही इथूनच आला आहे. लांबच्या तारेतून आवाज पाठवला की सगळ्या कंप्रता सारख्या पोचत नाहीत. वरच्या जास्त गळतात, खालच्या कमी. पलीकडे आवाज दबलेला, तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा पोचतो. म्हणून तारेच्या टोकाला एक मंडल बसवायचं, जे गळलेल्या भागाची भरपाई करेल आणि सगळं पुन्हा समान करेल. समान करणारा, म्हणून इक्वलायझर. जे गेलं ते परत आणायचं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. चव आणायची, आवाज 'गोड' करायचा, हे त्यात कुठेच नव्हतं.

पण तारेला खर्च येतो. जितका रुंद पट्टा पाठवाल, तितके पैसे जास्त. म्हणून टेलिफोनवाल्यांचा खरा प्रश्न असा होता: किती कापलं तरी चालेल? ऐकणाऱ्याला फरक कुठे कळायला लागतो? या प्रश्नावर अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळांत १९२० च्या दशकात भरपूर काम झालं, आणि त्याचे प्रमुख होते हार्वे फ्लेचर. त्यातले तीन निष्कर्ष आपल्या कामाचे आहेत.

पहिला १९२४ चा. फ्लेचर यांनी दाखवलं की एखाद्या सुरातला सर्वात खालचा घटक, म्हणजे मूळ सूर, फिल्टरने काढून टाकला तरी कानाला सूर तोच वाटतो. वरचे उपस्वर मिळाले की कान खालचा सूर स्वतःच धरतो. याचा अनुभव तुम्ही रोज घेता. टेलिफोनचा प्रमाण पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर बहुधा १०० ते १५० च्या आसपास. म्हणजे फोनवर तो येतच नाही! तरी वडिलांचा फोन आला तर तो बाईचा आवाज वाटत नाही. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवर बास गिटारची चाल ओळखू येते, तीही याचमुळे.

दुसरा निष्कर्षही १९२४ चाच, वेगेल आणि लेन या दोघांचा. एक सूर दुसऱ्याला झाकतो, आणि मोठा असेल तर खालचा सूर वरच्याला जास्त झाकतो, वरचा खालच्याला तितका नाही. यालाच मास्किंग म्हणतात. ढोल वाजत असताना बासरी का हरवते, याचं शास्त्र ते हेच.

तिसरा १९३३ चा, फ्लेचर आणि मन्सन यांचा. कान सगळ्या कंप्रतांना सारखा जागा नसतो. साधारण तीन-चार हजार हर्ट्झला तो सर्वात तीक्ष्ण असतो, आणि आवाज लहान केला की खालचे सूर आधी नाहीसे होतात. म्हणून रात्री हळू आवाजात केलेलं मिक्स सकाळी मोठ्याने लावलं की ढब ढब करतं. मशीन बिघडलेलं नसतं. कानाचा स्वभावच तसा आहे.

आता तक्त्याकडे येऊ. १९३१ मध्ये याच प्रयोगशाळेतले विल्यम स्नो यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विषय: संगीत, बोलणं आणि गोंगाट यांचे ऐकू येणारे पट्टे. पद्धत साधी होती. सगळा पट्टा व्यवस्थित पोचवणारी यंत्रणा घ्यायची, त्यात फिल्टर लावायचा आणि काढायचा, आणि ऐकणाऱ्यांना विचारायचं: फरक कळला का? खालून कापत कापत वर यायचं, वरून कापत कापत खाली जायचं. फरक कळायला लागला की तिथे रेघ. एकेका वाद्याची अशी पट्टी तयार झाली. आणि फक्त वाद्यांचीच नाही बरं का, टाळ्यांची, पावलांच्या आवाजाची, किल्ल्यांच्या खुळखुळाटाचीसुद्धा! त्याच वर्षी सिव्हियन, डन आणि व्हाइट यांनी वाद्यांची ताकद कोणत्या पट्ट्यात किती असते, हे मोजून मांडलं. आज भिंतीवर दिसणाऱ्या तक्त्यांचे पूर्वज हेच.

म्हणजे त्या तक्त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता, 'हे वाद्य एकटं वाजत असताना किती कापलं तर कळणार नाही'. आपला मिक्सिंगचा प्रश्न वेगळा आहे: 'बाकीची आठ वाद्यं वाजत असताना या वाद्याचं काय राहिलं पाहिजे'. हे दोन प्रश्न एकसारखे दिसतात, पण एक नाहीत. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या.

फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र कापण्याच्या पलीकडेही पाहिलं. २७ एप्रिल १९३३ ला फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनच्या सभागृहात बसले होते. तीन स्वतंत्र वाहिन्या, आणि ४० ते १५,००० हर्ट्झचा पट्टा. संगीत-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी वाद्यवृंदासमोर नव्हतेच. तिकडे त्यांचे सहकारी अलेक्झांडर स्मॉलेन्स संचालन करत होते आणि स्टोकोव्स्की वॉशिंग्टनला नियंत्रकांवर बसले होते. एवढा मोठा संगीतकार बटणांपाशी बसतो, हे चित्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. मिक्सिंग हेही संगीताचंच काम आहे, ही कल्पना त्या संध्याकाळी सर्वांना दिसली.

पुढचा भाग भराभर सांगतो. १९२५ ला विजेवरचं मुद्रण आलं, पट्टा रुंदावला आणि डबल बास परत खोलीत आला. १९५४ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डसाठी एक सर्वमान्य वक्र ठरला: तबकडी कापताना खालचं कमी करायचं आणि वरचं वाढवायचं, वाजवताना बरोबर उलटं करायचं. हाही मूळ अर्थाचाच ईक्यू, समान करणारा. १९५२ मध्ये पीटर बॅक्सँडल यांनी बास आणि ट्रेबल अशा दोन बटणांचं मंडल 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापलं आणि ते घराघरातल्या यंत्रांत पोचलं. इथे अर्थ बदलायला लागला. आता समान करणं राहिलं बाजूला. मला आवडतं तसं करणं सुरू झालं.

स्टुडिओत पल्टेकची यंत्रं आली. त्यांच्या ईक्यूपी-१ए या यंत्रावर खालच्या बाजूला चारच जागा: २०, ३०, ६० आणि १०० हर्ट्झ. मधलं काही निवडता येत नसे. तरी लोक त्यावर आजही जीव टाकतात. मग १९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी 'पॅरामेट्रिक' ईक्यूवरचा निबंध वाचला. कुठे, किती रुंद आणि किती उंच-खोल, या तिन्ही गोष्टी हातात आल्या. सुईच्या टोकाने कापता येऊ लागलं. आणि नेमकं याच वेळी भिंतीवरच्या तक्त्याचं महत्त्व वाढलं, कारण आता प्रत्येकाला विचारावं लागत होतं, की बटण फिरवायचं ते कुठे?

आता आपल्याकडे येऊ. त्या तक्त्यात पियानो आहे, २७.५ पासून ४,१८६ हर्ट्झपर्यंत. व्हायोलिन १९६ पासून. गिटार ८२ पासून. तानपुरा आहे का? तबला आहे का? बहुतेक तक्त्यांत नाही. पण आपल्या वाद्यांचा अभ्यास झालाच नाही, असं मात्र नाही. स्नोच्या निबंधाच्या दहा वर्षं आधी चंद्रशेखर व्यंकट रामन कलकत्त्यात हेच काम करत होते. १९२० मध्ये त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये मृदंग-तबल्यावर टिपण लिहिलं. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर बेसुरे असतात, एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या तबल्याच्या पुडीवर शाई असते, तिच्या वजनाने ते उपस्वर सुरात येतात. म्हणून आपला तबला षड्जाला लावता येतो. त्यानंतर त्यांनी तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीवर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराला जागाच नाही, तो नियमाप्रमाणे ऐकू येऊ नये. पण रुंद, वक्र घोडीमुळे तोही तानपुऱ्यात येतो. जवारी म्हणतात ती हीच.

आता हिशोब करू. पुरुष गायक, काळी एक. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला, जोडीच्या १३९ ला, पंचम १०४ ला. तक्त्यावर पट्टी काढायची तर ६९ पासून सुरू होईल, आणि मूळ सुरांपुरती १३९ ला संपेल! पण आपण तानपुरा म्हणून जे ऐकतो ते तिथे आहे का? खर्जाचा पाचवा उपस्वर ३४६ ला, तो आपला स्वयंभू गंधार. त्याच्या वर जवारीचा झंकार हजारो हर्ट्झपर्यंत चढत जातो. तानपुरा राहतो तो बहुतेक पट्टीच्या बाहेर.

तबल्याची गंमत आणखी वेगळी. 'ना' वाजवताना अनामिका पुडीवर टेकलेली असते. त्यामुळे पुडीचं सर्वात खालचं कंपन दाबलं जातं आणि वरचं मोकळं राहतं. म्हणजे तबलजी प्रत्येक बोलाला हातानेच ईक्यू करत असतो. डग्ग्यावर मनगट सरकवून घुमक वर-खाली नेतो, तेव्हा तर पट्टी एका जागी थांबतच नाही. 'तबला: अमुक ते अमुक' अशी एकच रेघ काय काढणार?

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या बैठकीचं मुद्रण आमच्याकडे मिक्सिंगला आलं. गायक, दोन तानपुरे, हार्मोनियम, तबला. आम्ही तेव्हा तक्त्याचे भक्त. गायकाचा आवाज अडीच-तीन हजारच्या आसपास उठून दिसतो, असं वाचलेलं, म्हणून तिथे बाकी सगळ्यांना कापलं. तानपुऱ्याला 'वरच्या भागात काम नाही', म्हणून वरून झाकलं. खाली ५० हर्ट्झची विजेची घरघर होती, म्हणून १०० च्या खालचं सरसकट काढून टाकलं. प्रत्येक ट्रॅक एकटा लावला की छान, स्वच्छ. सगळे एकत्र लावले आणि गायकाला ऐकवलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि एकच विचारलं, "तानपुरे कुठे गेले?"

तानपुरे होते. आवाजाची पातळीही ठीक होती. पण जवारी गेलेली, खर्जाचं मूळ गेलेलं, उरली होती ती मधली गुणगुण. आणि तानपुरा नाही म्हटल्यावर गायकाचा स्वर अधांतरी वाटत होता. आम्ही त्याचं एक सजावटीचं वाद्य काढलं नव्हतं, त्याच्या पायाखालची जमीन काढली होती.

मग तक्ता फाडून टाकायचा का? मुळीच नाही. तो वाचायचा कसा, ते सांगतो.

पट्टीचं डावं टोक, म्हणजे सर्वात खालचा मूळ सूर, ही खात्रीची माहिती आहे. व्हायोलिनच्या १९६ च्या बऱ्यापैकी खाली जे काही आहे ते व्हायोलिनचं नाही. स्टँडला लागलेला पाय, पंखा, रस्त्यावरचा ट्रक, यांचं आहे. तिथे बिनधास्त कापा. मात्र सरसकट आकडा वापरू नका. त्या दिवशी त्या वाद्याने वाजवलेला खालचा सूर कोणता, ते आधी पाहा. ५० ची घरघर काढायची तर ५० लाच अरुंद काप द्या, ६९ चा खर्ज जपा.

पट्टीचं उजवं टोक मात्र फसवं असतं. तिथे मूळ सूर संपतात, वाद्य संपत नाही. वाद्याची ओळख, म्हणजे गजाची खरखर, नखाचा आघात, जवारी, टाळाची किणकिण, ही बहुतेक वेळा त्या टोकाच्या वरच असते.

दोन पट्ट्या एकमेकींवर येतात ती जागा सर्वात कामाची. हार्मोनियम आणि गायक एकाच सप्तकात असतात, एकमेकांना झाकतात. तिथे गायकाला उचलत बसण्यापेक्षा हार्मोनियमला दोन-तीन डेसिबल उतरवा, आणि तेही सगळे वाजत असताना, एकट्याला ऐकून नाही. कारण स्नोने एकेक वाद्य वेगळं ऐकवलं होतं, आपला श्रोता सगळी एकत्र ऐकणार आहे.

आणि सर्वात जुना उपाय विसरू नका, कर्ण्याच्या काळातला. मुद्रणाआधीच वादकांशी बोला. पेटीवाल्यांना म्हणा, "काका, गाणं वरच्या सप्तकात गेलं की तुम्ही जरा खाली राहाल का?" तो एक प्रश्न दहा बटणांचं काम करतो.

त्या गायकाचं मिक्स आम्ही पुन्हा केलं. तानपुऱ्याचे जवळजवळ सगळे काप काढून टाकले. घरघर तेवढी अरुंद कापली. हार्मोनियम थोडं उतरवलं. दुसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त हळूच स्वर लावून सोबत गुणगुणायला लागले. आम्हाला तेवढं पुरलं.

यात पणाला काय लागलंय, ते बघा. शंभर वर्षं आपलं संगीत दुसऱ्यांनी आखलेल्या पट्ट्यांतून आपल्यापर्यंत आलं. कर्ण्याने खर्ज घेतला. मध्यम लहरींच्या रेडिओवर साधारण पाच हजारांच्या वरचं फारसं पोचलंच नाही, जवारी तिथे राहिली. त्याला इलाज नव्हता, यंत्रंच तशी होती. आज यंत्र सगळं पोचवतं. आज जर तानपुरा गेला, तर तो यंत्राने नेलेला नसतो, आपण कापलेला असतो.

म्हणून घरचा अभ्यास देतो. आपल्या गावच्या भजनी मंडळाचं, नाहीतर घरातल्या रियाजाचं मुद्रण घ्या. पखवाज, वीणा, टाळ, पेटी, जे असेल ते. एकेकाला खालून कापत वर या, वरून कापत खाली या, आणि वाद्य ओळखू येईनासं कुठे होतं ते वहीत लिहा. स्नोने केलं तेच, पण आपल्या वाद्यांवर. मग सगळी एकत्र लावा आणि तेच पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे वेगळे येतील. ते आकडे घेऊन पुढच्या वेळी या, आपण सगळे मिळून आपला तक्ता काढू.